लाकडावर स्क्रूचे आटे कसे पाडतात? घरी केलेल्या राऊटर जिगची सगळी गोष्ट

दिवाळीच्या आठवडाभर आधी चकलीचं पीठ मळून होतं आणि माळ्यावरचा पितळी सोऱ्या खाली येतो. पीठ भरायचं, झाकण लावायचं आणि वरची मूठ फिरवत राहायचं. हात गोल फिरतो, पीठ मात्र सरळ खाली उतरतं.

ही करामत मधल्या दांड्यावर असलेल्या आट्यांची. गोल फिरणं आणि सरळ सरकणं, या दोन गोष्टी एकत्र बांधायचं काम आटे करतात. बाटलीचं झाकण, नळाची तोटी, गाडीचा जॅक, सगळीकडे तेच.

आता हेच आटे लोखंडावर नाही, पितळेवर नाही, तर लाकडावर पाडायचे असतील तर?

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर सुतारकामाचे व्हिडिओ बघत असाल, तर हे तुम्ही एकदा तरी बघितलं असेल. एक माणूस लाकडी ठोकळ्यात गोल दांडा घालतो, वर एक मशीन घरघरतं, तो दांडा हाताने फिरवतो आणि दुसऱ्या बाजूने चकचकीत आटे पडलेला लाकडी स्क्रू बाहेर येतो. व्हिडिओ तीस सेकंदांत संपतो आणि प्रश्न तसाच राहतो. दांडा बरोबर तेवढाच पुढे कसा सरकला? त्याला कोणी ढकललं?

उत्तर सोपं आहे, पण त्यात एक गंमत आहे. स्क्रू बनवायला आधी एक स्क्रू लागतो. मग पहिला स्क्रू आला कुठून?

आधी आटे म्हणजे काय ते समजून घेऊ

त्यासाठी एक कागद आणि एक लाटणं पुरेल.

कागदाचा काटकोन त्रिकोण कापा. त्याची काटकोनातली एक बाजू लाटण्यावर आडवी धरून तो कागद लाटण्याभोवती गुंडाळा. त्रिकोणाची तिरकी कड लाटण्यावर गोल गोल चढत जाताना दिसेल. झाला आटा. स्क्रू म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, गोल दांड्याभोवती गुंडाळलेला चढाव. घाटातला रस्ता डोंगराला वळसे घालत वर चढतो, तसाच.

एका पूर्ण फेऱ्यात ही रेघ जेवढी वर चढते, त्या अंतराला पिच म्हणतात. पिच 4 मिलीमीटर असेल तर मूठ एकदा पूर्ण फिरवली की स्क्रू 4 मिलीमीटर पुढे जातो.

आणि यातच स्क्रूची ताकद आहे. समजा मुठीची लांबी मध्यापासून 150 मिलीमीटर आहे. एका फेऱ्यात तुमचा हात जवळपास 940 मिलीमीटर फिरतो आणि स्क्रू सरकतो जेमतेम 4. म्हणजे कागदावर जोर 200 पटींहून जास्त वाढला. प्रत्यक्षात त्यातला बराचसा घर्षणात जातो, लाकडात तर जास्तच. पण तेच घर्षण कामालाही येतं. हात सोडला तरी स्क्रू आपोआप मागे फिरत नाही. म्हणून शिकंजा एकदा आवळला की आवळलेलाच राहतो.

मराठीत स्क्रूला जुना शब्द आहे मळसूत्र. आता बोलताना आपण स्क्रूच म्हणतो, पण आटे हा शब्द अजून टिकून आहे. गॅरेजमध्ये कोणी म्हटलं, 'याचे आटे गेलेत', तर डिक्शनरी उघडावी लागत नाही.

लाकडी स्क्रूने जग चालायचं

आज स्क्रू म्हटलं की लोखंड डोळ्यांपुढे येतं. पण मोठा स्क्रू हा शेकडो वर्षं लाकडाचाच असायचा.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियामध्ये हेरॉन नावाचा एक गणिती आणि यंत्रांचा जाणकार होऊन गेला. यंत्रांवरचा त्याचा ग्रंथ अरबी भाषांतरामुळे आपल्यापर्यंत पोहोचला. त्यात ऑलिव्ह आणि द्राक्षं पिळायच्या स्क्रूच्या दाबयंत्रांचं वर्णन आहे आणि लाकडाच्या भोकात आतून आटे पाडायच्या अवजाराचंही. म्हणजे आज व्हिडिओत दिसणारी अडचण तेव्हाही होती आणि तिच्यावर तोडगाही होता.

मग आला छापखाना. पंधराव्या शतकाच्या मध्यात जर्मनीतल्या माइंझमध्ये योहान्नेस गुटेनबर्गने सुटे खिळे जुळवून पुस्तकं छापली. शाई लावलेल्या खिळ्यांवर कागद सगळीकडून सारखा दाबला जायला हवा होता. तो दाब देणारं यंत्र द्राक्षं पिळायच्या दाबयंत्राचाच भाऊबंद होतं. मोठी लाकडी चौकट, मधे जाड स्क्रू आणि तो फिरवायला दांडा.

आता आपल्याकडे या. 1556 साली पोर्तुगालहून एक छापयंत्र जहाजाने निघालं. ते जाणार होतं ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. पण वाटेत गोव्यात उतरलं ते तिथेच राहिलं. भारतातल्या छपाईची सुरुवात तिथून धरतात. पुढे 1616 मध्ये गोव्यातल्याच राचोल इथे फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठीतलं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. मराठी भाषा छापील पानावर आली तेव्हा पाठीशी स्क्रूचा दाबच होता. पुढे हळूहळू छापयंत्रांचे स्क्रू धातूचे झाले आणि 1800 च्या सुमाराला अख्खं यंत्रच लोखंडी झालं.

आणि स्क्रू म्हणजे काय फक्त बाहेरून आलेली वस्तू नाही. कापसातून सरकी वेगळी करायची आपल्याकडची जुनी लाकडी चरकी बघा. तिच्यात दोन लाकडी रूळ एकमेकांना चिकटून उलट्या दिशांना फिरतात. कापूस पलीकडे जातो, सरकी अलीकडे पडते. अनेक चरक्यांमध्ये या रुळांच्या टोकांना मळसूत्रासारखे आटे कोरलेले असत. एक रूळ फिरवला की आट्यांत आटे अडकून दुसरा आपोआप फिरायचा. हे सगळं लाकडातच.

पहिला स्क्रू कुठून आला?

बाहेरचे आटे पाडायचे तर दांडा एका फेऱ्यात बरोबर एक पिच पुढे सरकायला हवा. तो तसा सरकवायला त्याच पिचचा नट हवा. नट बनवायला त्याच पिचचा टॅप हवा. टॅप म्हणजे भोकात आतून आटे पाडायचं अवजार. आणि टॅप स्वतः एक स्क्रूच असतो. कोंबडी आधी की अंडं आधी, तसलाच प्रकार.

यातून बाहेर काढतो तो मघाचा कागद.

जुनी पद्धत अशी. एक गोल दांडा घ्यायचा. त्याच्या घेराएवढ्या रुंदीच्या कागदावर तिरक्या रेघा मारायच्या, प्रत्येक रेघ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाताना बरोबर एक पिच वर चढलेली. कागद दांड्याभोवती चिकटवला की सगळ्या रेघा एकमेकींना जोडल्या जातात आणि एकच अखंड वळसा तयार होतो. त्या रेघेवरून करवतीने उथळ खाच पाडायची.

मग एका फळीला या दांड्याच्या मापाचं भोक पाडायचं आणि भोकाच्या कडेला पातळ पत्र्याचा तुकडा असा बसवायचा की तो खाचेत शिरेल. आता दांडा फिरवला की पत्रा त्याला खाचेतून नेतो आणि दांडा प्रत्येक फेऱ्याला एक पिच पुढे जातो. दांड्याच्या पुढच्या टोकाला धार लावलेला पोलादी दात आडवा बसवला की झाला टॅप. समोर भोक पाडलेला ठोकळा पकडायचा आणि दात त्यात आतून आटे कोरत जातो. दर खेपेला दात थोडासा बाहेर काढायचा, म्हणजे खाच हळूहळू खोल होते.

म्हणजे पहिल्या स्क्रूच्या आधी असते कागदावरची एक रेघ.

लोखंडी स्क्रूचा इतिहासही थोडाफार असाच आहे. इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्लीने 1800 च्या आसपास आटे पाडायचं अचूक लेथ तयार केलं. पण लेथमध्ये जो मुख्य स्क्रू बसवायचा, तोच आधी अचूक हवा. त्यासाठी त्याने फिरणाऱ्या गोल दांड्यावर ठराविक कोनात तिरकी धार टेकवून मूळ आटे पाडायचं साधन केलं. इथेही तिरकी रेघच. तिथून पुढे एका स्क्रूवरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा.

यातून एक गोष्ट लक्षात येते. स्क्रू हा नेहमी दुसऱ्या कुठल्या तरी स्क्रूची नक्कल असतो. मूळ स्क्रू वाकडा असेल तर त्यातून निघणारा प्रत्येक स्क्रू तसाच वाकडा. घरी जिग बनवताना हे सतत आठवावं लागतं.

आता राऊटर आणि जिग

राऊटर म्हणजे वाय-फायचा डबा नाही. सुतारकामातला राऊटर म्हणजे हातात धरायचं विजेचं यंत्र. त्याच्या खालच्या टोकाला बिट, म्हणजे फिरणारी कापणी असते. ती मिनिटाला साधारण 10 हजार ते 30 हजार फेरे घेते. फर्निचरच्या कडा गोल करायला, खाचा पाडायला, लाकडी पाट्यांवर अक्षरं कोरायला तो वापरतात.

जिग म्हणजे तेच काम दर वेळी एकसारखं व्हावं म्हणून बनवलेली चौकट. हाताचा अंदाज बाजूला राहतो आणि चौकट सांगेल तसंच काम होतं.

राऊटरच्या आधी सुतार हेच काम हातातल्या लाकडी पेटीने करायचे. तिच्यात इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचं पातं असतं आणि आत आटे असतात. दांडा आत फिरवला की पातं खाच पाडतं. अशा पेट्या आणि त्यांच्या जोडीचे टॅप आजही ऑनलाइन मिळतात. अडचण एकच, स्क्रूची खाच लाकडाच्या रेषांना आडवी जाते. पात्याची धार जरा बोथट झाली की लाकूड कापलं न जाता फाटतं आणि आट्यांचे तुकडे पडतात. राऊटरचं बिट प्रचंड वेगाने अगदी बारीक बारीक कण काढत जातं, त्यामुळे टवके उडणं बरंच कमी होतं.

मुख्य युक्ती इथे आहे. जिगच्या ठोकळ्यात आरपार भोक असतं, पण ते दोन मापांचं. दांडा आत शिरतो ती बाजू साधी आणि दांड्याच्या मापाची. बाहेर पडतो ती बाजू थोडी अरुंद आणि आतून आटे पाडलेली. दोन्ही भाग जिथे जुळतात, तिथे वरून बिटचं टोक भोकात उतरतं.

दांडा आत ढकलून फिरवला की बिट त्याच्यावर खाच पाडतं. ती ताजी खाच पुढे जाऊन ठोकळ्यातल्या आट्यांत अडकते. एकदा अडकली की पुढे ढकलायची गरज संपली. तुम्ही फक्त फिरवायचं, आटेच दांड्याला ओढून घेतात, प्रत्येक फेऱ्याला बरोबर एक पिच. जी खाच आत्ता पडली, तीच पुढच्या खाचेची वाट ठरवते.

व्हिडिओतल्या त्या माणसाने दांडा ढकललेला नसतो. दांडा स्वतःच स्वतःला ओढतो.

बनवायचं कसं? एका मापाचं उदाहरण

एक इंची दांडा घेऊ, सुतारांच्या भाषेत आठ सूत. इंचाला 6 आटे, म्हणजे पिच साधारण 4.2 मिलीमीटर. लाकडी स्क्रूसाठी हे माप बऱ्यापैकी रुळलेलं आहे.

1. ठोकळा. घट्ट, न वाकलेल्या लाकडाचा. दोन्ही मापांच्या भोकांचे मध्य एकाच रेषेत हवेत. म्हणून आधी एका बाजूने निम्म्यापर्यंत आठ सुताचं भोक, सपाट तळाच्या बिटने. त्या बिटच्या टोकाने तळाशी मध्याची खूण राहते. तीच खूण धरून उरलेल्या भागात सात सुताचं, म्हणजे साधारण 22 मिलीमीटरचं भोक आरपार. उलटा क्रम केला तर मोठ्या बिटला मध्य सापडत नाही.

2. आतले आटे. सात सुताच्या भागात टॅप फिरवायचा. दोन फेरे पुढे, अर्धा फेरा मागे, म्हणजे भुसा सुटतो. टॅप सरळ उभा जातोय ना, हे सुरुवातीलाच गुण्याने तपासायचं. इथे तिरका गेला तर पुढचं सगळं तिरकं.

3. वरची खिडकी. दोन्ही भोकं जुळतात त्या जागेच्या बरोबर वर, बिट आत उतरेल एवढं भोक. बिटचा रोख दांड्याच्या मध्याकडे हवा, डावी-उजवीकडे नको.

4. राऊटरची बैठक. ठोकळ्यावर प्लायवूडची पट्टी पक्की करून तिच्यावर राऊटर बसवायचा. पट्टीची भोकं लांबट ठेवा, म्हणजे राऊटर दांड्याच्या दिशेने दोन-तीन मिलीमीटर पुढेमागे सरकवता येतो. याचं कारण पुढे येतंच आहे.

5. बिट. व्ही आकाराचं, कोन टॅपच्या दाताच्या कोनाएवढा. 60 आणि 90 अंश हे नेहमीचे. 90 अंशाचं बिट पाट्यांवर अक्षरं कोरायला वापरतात, ते सहज मिळतं.

6. खोली. 90 अंशाच्या बिटची खाच जेवढी खोल, तिच्या दुप्पट रुंद असते. म्हणून खोली पिचच्या निम्म्यापेक्षा किंचित कमी ठेवायची. आपल्या मापात 2 मिलीमीटरच्या जरा आत. त्यामुळे आट्याच्या माथ्यावर थोडी सपाट जागा उरते. माथा अगदी धारदार झाला तर तो पहिल्याच वापरात झडतो.

7. दांडा. लेथवर कातलेला, सगळीकडे सारख्या जाडीचा. ठोकळ्यात तो सहज फिरावा, पण खुळखुळू नये. पुढचं टोक किंचित निमुळतं करा आणि मागच्या टोकाला पकडायला भरपूर लांबी सोडा.

मग ठोकळा टेबलाला क्लॅम्पने घट्ट आवळायचा, राऊटर सुरू करून त्याला पूर्ण वेग घेऊ द्यायचा आणि दांडा सावकाश, एका लयीत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा. हवे तेवढे आटे पडले की राऊटर बंद. बिट पूर्ण थांबल्यावरच दांडा उलटा फिरवून बाहेर काढायचा.

त्याच टॅपने दुसऱ्या ठोकळ्यात आटे पाडले की तुमचा नट तयार. स्क्रू आणि नट एकाच टॅपचे, म्हणून ते एकमेकांना बसतात.

बहुतेकांचं कुठे चुकतं?

पहिला दांडा जवळपास कधीच नीट निघत नाही. लोक इथेच जिग कोपऱ्यात टाकून देतात. खरं तर चुका मोजक्याच असतात.

दांडा दोन फेऱ्यांनंतर अडकला? मग बिटची जागा चुकली आहे. बिटने पाडलेली खाच आणि ठोकळ्यातल्या आट्याचा कंगोरा एकाच वाटेवर हवेत. खाच जर कंगोऱ्यासमोर न येता त्याच्या बाजूला आली, तर दांडा शिरतच नाही किंवा शिरताना आटे खरवडून निघतात. उपाय म्हणजे राऊटर थोडा थोडा सरकवणे. लांबट भोकं त्यासाठीच ठेवली. घाबरायचं कारण नाही, कारण एका पिचएवढ्या अंतरात, म्हणजे आपल्या मापात 4.2 मिलीमीटरमध्ये, योग्य जागा कुठे ना कुठे असतेच.

दांडा शिरतो पण फार घट्ट जातो? खोली कमी आहे. बिट केसभर खाली घ्या.

स्क्रू नटमध्ये डुगडुगतो, माथे टोकदार झालेत? खोली जास्त झाली.

आटे एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ? दांडा गोल नाही, किंवा आतल्या भोकात हलतोय.

एक नियम पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी टाकाऊ तुकड्यावर करून बघा. जागा आणि खोली दोन्ही एकदम बदलली तर सुधारलं कशाने आणि बिघडलं कशाने, हे कळत नाही.

लाकूड कुठलं?

लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीने धावतात आणि आटे त्यांना आडवे कापतात. म्हणजे प्रत्येक आट्यात लाकडाचे अगदी आखूड तंतू उरतात आणि ते पटकन तुटू शकतात. लोखंडी बोल्टचे आटे बारीक चालतात, लाकडाला जाडेभरडे लागतात, ते याच कारणाने. तुलनाच करायची तर 24 मिलीमीटर जाडीच्या नेहमीच्या लोखंडी बोल्टची पिच 3 मिलीमीटर असते. आपल्या जवळपास तेवढ्याच लाकडी दांड्याला आपण 4.2 घेतली.

म्हणून लाकूड घट्ट, बारीक आणि एकसारख्या पोताचं हवं. युरोप-अमेरिकेत मेपल आणि बीच वापरतात. आपल्याकडे हळदू हे कातकामासाठी नावाजलेलं लाकूड आहे, शिसवही चालतं. साग फर्निचरला राजा असला तरी त्याचा पोत भरड, त्यामुळे बारीक आट्यांचे टवके निघू शकतात. पाइन आणि प्लायवूड तर विसराच. गाठी असलेला किंवा रेषा तिरक्या गेलेला दांडाही नको.

आटे पाडायच्या आधी दांडा जवसाच्या तेलात भिजवून ठेवायची पद्धत आहे. तेलाने तंतू कमी फाटतात आणि स्क्रू नंतर गुळगुळीत फिरतो.

आणि पावसाळा विसरू नका. जूनमध्ये घराचा दरवाजा चौकटीत अडकतो ना, तेच इथे होतं. लाकूड ओलाव्याने फुगतं, तेही सगळीकडून सारखं नाही. झाडाच्या वर्तुळांच्या दिशेने ते जास्त फुगतं, वर्तुळांना छेदून जाणाऱ्या दिशेने साधारण निम्मं. म्हणून मे महिन्यात गोल असलेला दांडा जुलैत किंचित लंबगोल होतो. कोकणात राहणाऱ्यांनी तर स्क्रू मुद्दाम थोडा सैलच ठेवावा.

हे वाचल्याशिवाय करू नका

व्हिडिओत सगळं सोपं दिसतं. पण राऊटर हे यंत्र बोटांच्या बाबतीत दयामाया दाखवत नाही.

डोळ्यांना गॉगल, कानांना संरक्षण. बाह्या दुमडलेल्या, ओढणी आणि लटकणारी साखळी काढलेली, केस बांधलेले. बिट बदलताना प्लग सॉकेटमधून काढलेला, फक्त बटण बंद करून भागत नाही. ठोकळा हातात धरून कधीही नाही, तो आवळलेलाच हवा. दांड्याचा उरलेला भाग आखूड झाला की थांबा, एका स्क्रूपायी बोट खिडकीजवळ नेऊ नका. दांडा फिरवायला ड्रिल मशीन लावायचा मोहही टाळा. हाताला अडथळा कळतो, मशीनला नाही.

मास्क तर हवाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ ही माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकली आहे. सिगारेटचा धूर ज्या गटात आहे, त्याच गटात. आपल्याकडे कित्येक सुतार आयुष्यभर तोंडाला काही न बांधता याच धुळीत काम करतात. तुमच्या घरात काम चालू असेल तर त्यांच्यासाठी एक मास्क आणून द्यायला काही हरकत नाही.

आणि जवसाच्या तेलाची फडकी. ती चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडते आणि ढिगात ती कोंडून राहिली की फडकी काडी न लावता पेट घेऊ शकतात. ती मोकळ्या हवेत पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

मग एवढा खटाटोप कशाला?

बाजारात लोखंडी स्क्रू मिळतो, तयार शिकंजाही मिळतो. प्रश्न बरोबर आहे.

एक उत्तर व्यवहाराचं. टेबलाला लावायचा मोठा शिकंजा, लाकडी क्लॅम्प, पुस्तकं बांधायचं दाबयंत्र, या गोष्टी लाकडी स्क्रूवर छान चालतात. ते गंजत नाहीत आणि पटाशीची धार चुकून त्यांच्यावर गेली तरी मोडत नाही. एकदा जिग जमली की दहावा स्क्रू पहिल्याइतकाच अचूक निघतो. आटे झडले तर दुकान शोधायला नको, नवा दांडा फिरवायचा.

दुसरं उत्तर थोडं वेगळं आहे. 1841 मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने स्क्रूच्या आट्यांसाठी एकच माप आणि 55 अंशांचा एकच कोन सुचवला. त्याआधी जवळपास प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असायचे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसायचा नाही. आज आपण हार्डवेअरच्या दुकानात 'बाराचा बोल्ट द्या' म्हणतो आणि तो बसतो, ही सोय आपोआप आलेली नाही. स्वतःचा टॅप आणि स्वतःची जिग बनवणारा माणूस पुन्हा त्या जुन्या काळात जातो. त्याचा स्क्रू फक्त त्याच्याच नटला बसतो. म्हणून तो टॅप जपून ठेवायचा. तो हरवला तर त्या घरातलं माप हरवलं.

हे सगळं करायला राऊटर हवाच असं नाही. राऊटर नसेल तर निदान मघाचा कागद लाटण्याभोवती गुंडाळून बघा. घरात लहान मूल असेल तर त्याच्या हातात द्या. यंदा चकल्या पाडताना सोऱ्याची मूठ फिरवाल, तेव्हा आतला दांडा खाली का उतरतो हे त्याला तुमच्या आधी सांगता येईल.